फाटकापर्यंतचा बर्फ

सोमवार, ६ जानेवारी

चि. आश्लेषा,

घाबरू नकोस, हे पत्र फक्त स्नोब्लोअरबद्दल आहे. तू फोनवर माझा नंबर बंद केला आहेस म्हणून पोस्टाने लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे ठाऊक आहे, पण या खेपेला फार लावू नकोस.

तू घेऊन दिलेला तो नारिंगी स्नोब्लोअर सुरू होत नाही. शनिवारपासून इथे गुडघ्याच्या वर बर्फ साचला आहे. कौन्सिलची गाडी मोठा रस्ता साफ करून जाते, पण फाटकापासून दारापर्यंतची दोनशे दहा पावलं आपली आपण बघायची. पलीकडच्या खोऱ्यातल्या ट्रॅक्टरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, माझी मेंढरंच अडकलीयत, आठवडाभर विचारू नका. मी फावड्याने वीस पावलं मोकळी केली आणि मनगट धरून बसले. एकोणसत्तराव्या वर्षी आणखी काय होणार?

तीस वर्षं बाबांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून लोकांची लक्षणं लिहून घेतली, तशीच याची लिहिते. पेट्रोलचा कॉक उघडला. चोक ओढला. रबरी गोळा तीनदा दाबला. दोरी ओढली. चाळीस वेळा ओढली. एकदा फट् असा आवाज झाला, मग तोही नाही. टाकी काठोकाठ भरलेली आहे, त्यामुळे पेट्रोलचा प्रश्न नाही.

बाबा खिडकीतून सूचना करत होते. म्हणाले, "शैला, आपली सांगलीची स्कूटर करायचो तसा जरा तिरका कर." केला. बरंच पेट्रोल माझ्या बुटांवर. आता स्वयंपाकघरात पंपावर बसून भाजी चिरल्यासारखं वाटतंय. त्यांना म्हटलं, अहो, ती स्कूटर होती आणि तुम्ही चोवीस वर्षांचे होतात. ते हसले. हल्ली हसले की खोकला येतो.

आज सोमवार, म्हणजे त्यांच्या डायलिसिसचा दिवस. एरवी हॉस्पिटलची गाडी दारापर्यंत येते. आज ती फाटकाशी थांबली, ड्रायव्हरने हात हलवला आणि निघून गेला. त्यांना दोनशे दहा पावलं चालवत नाहीत. स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत जायचं तरी मध्ये खुर्ची ठेवावी लागते. आजची खेप चुकली. बुधवारची चुकून चालणार नाही.

बाबांनी तुझी किडनी नाकारली, त्यावरून तू या घराशी बोलणं सोडलंस. तो त्यांचा निर्णय होता, त्यावर मी काही म्हणणार नाही. पण तू इंजिनांची इंजिनिअर आहेस. आता तुम्ही विजेच्या गाड्या बनवता म्हणून पेट्रोलचं विसरली नसशील. चोक, दोरी, टाकी, सगळं वर लिहिलं आहे. काय करू ते एका ओळीत कळव.

आई


बुधवार, ८ जानेवारी

चि. आश्लेषा,

बाबा आज जाऊन आले. कसे गेले ते वाच.

सकाळी डोंगरात हरवलेल्यांना शोधणारे ते स्वयंसेवक आले, चारजण. डायलिसिस युनिटने त्यांना कळवलं होतं. गाडी त्यांनाही फाटकाशीच ठेवावी लागली, मग बाबांना स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलं आणि बर्फातून खाली नेलं. पुढचा दाढीवाला म्हणत होता, "Doc, माझी आई आजारी होती तेव्हा तुम्ही याच्या दुप्पट बर्फातून चालत आला होतात, आठवतंय?" तो प्रेमाने बोलला. बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. खालच्या वळणावरची इश्बेल, आपली एकुलती एक शेजारीण, ऐंशी वर्षांची, ती दाराशी उभी होती. तिने हात केला, तोही त्यांनी पाहिला नाही.

चार वाजता तसंच वर आणून ठेवलं. चहा पुढे केला तर घेतला नाही. म्हणाले, "शैला, हे शेवटचं. माझ्या दारातून गाडीत बसून जाईन, नाहीतर जाणार नाही. या खोऱ्यात मी लोकांच्या घरी गेलोय, मला कोणी उचलून नेलेलं नाही."

मी खूप बोलले. मानापमान काय लग्नात करायचे की जिवावर बेतल्यावर, असंही म्हणाले. ते भिंतीकडे बघत राहिले. तू त्यांच्यावरच गेली आहेस, त्यामुळे पुढे काय होतं हे तुला वेगळं सांगायला नको. एकदा तोंड बंद झालं की झालं.

म्हणजे आता हिशेब सरळ आहे. स्नोब्लोअर सुरू झाला तर ते जातील. नाही झाला तर नाही.

आता मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. पेट्रोलचा प्रश्न नाही असं मी लिहिलं होतं. पेट्रोलचाच प्रश्न आहे. आज मॅन्युअल चष्मा लावून पूर्ण वाचलं. त्यात लिहिलंय, महिन्यापेक्षा जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नये, आणि हल्ली पंपावर ई-टेन म्हणून जे इथेनॉल मिसळलेलं मिळतं ते तर मुळीच नको, ते पाणी धरतं. आणि मी काय केलं? दसऱ्याला तुझ्या स्नोब्लोअरची पूजा केली. बाबांचा स्टेथोस्कोप, माझी सुरी-विळी, शिवणाचं मशीन, आणि हा. पूजेला रिकामं भांडं ठेवू नये म्हणून शेडमध्ये मार्चपासून पडलेल्या कॅनमधलं ई-टेन टाकीत काठोकाठ ओतलं, झाकणाला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. तीन महिने ते तसंच आत बसलं. जिथे टाकी रिकामी ठेवायची तिथे मी भक्तिभावाने भरून ठेवली. हसू नकोस. की हस, मला ऐकू येणार नाही.

आज जुनं पेट्रोल नळी काढून बादलीत उतरवलं. रंग पातळ चहासारखा, आणि वास नव्या रंगवलेल्या कपाटाचा. इश्बेलने गावातून चांगल्या पेट्रोलचा कॅन आणून फाटकाशी ठेवला, तो मी ओढत वर आणला. नवीन भरलं, पन्नास वेळा दोरी ओढली. काही नाही. म्हणजे आतल्या कार्ब्युरेटरमध्ये काहीतरी घट्ट बसलंय. उद्या उघडते.

पहिलं पत्र तुला उद्यापर्यंत मिळेल. वाचशील ना?

आई


शुक्रवार, १० जानेवारी

चि. आश्लेषा,

कार्ब्युरेटर उघडला. काल दिवसभर मॅन्युअलमधलं चित्र पुढे ठेवून एकेक नट सोडवत होते. बाबा शेजारी पांघरूण घेऊन बसले आणि नट बशीत लावून ठेवत होते, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. ऑपरेशनच्या ट्रेमध्ये असतं तसं, म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळालं.

कार्ब्युरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते. ती काढली तर तळाशी पाण्याचे थेंब, वर हिरवट-पांढरी पूड, आणि कडेला मधासारखा चिकटा. मधोमध पितळेचं एक बारीक जेट. उजेडाकडे धरून बघितलं, आरपार काही दिसेना. आणि मला एकदम हसू आलं. हा तर आपल्या रॉकेलच्या स्टोव्हचा बर्नर! सांगलीला रोज सकाळी पिन मारल्याशिवाय आमचा चहा होत नव्हता. आणि माझ्या शिवणाच्या डब्यात स्टोव्हची एक पिन अजून आहे. एक्याऐंशी साली ग्लासगोला येताना आईने दिली होती. इथे स्टोव्ह नाही म्हणून सांगितलं तर म्हणाली, असू दे, कुठे काय अडेल सांगता येत नाही.

पिन मारली. भोक दिसलं. वाटी धुतली, पुसली, सगळं उलट्या क्रमाने बसवलं. आज सकाळी नवव्या ओढीला तो सुरू झाला! बाबांनी खिडकीच्या काचेवर टाळ्या वाजवल्या. मी अक्षरशः नाचले गं, बर्फात, गमबूट घालून.

पण तो नीट चालेना. चोक अर्धा ओढून धरला तरच चालायचा, आणि आवाज सारखा चढायचा, उतरायचा, चढायचा. चोक सोडला की बंद. तशाच अवस्थेत ढकलत सत्तर पावलं गेले, त्या रोवनच्या झाडापर्यंत. तिथे खोकून थांबला तो थांबलाच. फाटकाशी गाडी येऊन उभी होती. ड्रायव्हर वीस मिनिटं थांबला. मी दोरी ओढत होते आणि तो बघत होता. मग त्याने दिवे लावून विझवले आणि गेला. बाबा खिडकीत होते.

दुपारी युनिटमधल्या नर्सचा फोन. तनिषा, ग्लासगोच्या डॉक्टर जोशींची नात, तिथे कामाला आहे. मराठी बोलायला तिला कोणी मिळत नाही म्हणून माझ्याशी बोलते. "काकू, काका आज पण नाही आला? त्याचा potassium खूप वर गेली असेल. I'm not being funny, पण हे डेंजरस आहे. मी पुन्हा ती टीमला पाठवते, okay?"

बाबांनी फोन मागून घेतला. "तनिषा, मी डॉक्टर आहे बेटा. पोटॅशियम वर गेलं की काय होतं ते तुझ्या जन्माच्या आधीपासून मला माहीत आहे. कुणालाही पाठवू नकोस."

"काका, प्लीज असं नको बोलू ना."

"सोमवारी यंत्र सुरू झालं तर येतो," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.

सोमवार. म्हणजे माझ्याकडे दोन दिवस आहेत. आवाज चढतो-उतरतो याचा अर्थ मॅन्युअलच्या तक्त्यात दिला आहे: इंधन कमी पोचतं. म्हणजे जेट अजून पूर्ण मोकळं झालेलं नाही. उद्या पुन्हा उघडेन आणि पिन जरा जोर लावून मारेन.

तुझं उत्तर उद्या येईल असं मी मनाला सांगते आहे. शनिवारीही पोस्ट येते.

आई


शनिवार, ११ जानेवारी

आश्लेषा,

पिन तुटली. जेटमध्ये अर्धी आत राहिली. चिमट्याने, सुईने, उकळत्या पाण्यात टाकून, सगळं करून पाहिलं. आधी भोकात घाण होती, आता पोलाद आहे. माझ्याच हाताने झालं. मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं, तार घालू नये. ते मी वाचलं होतं. मला वाटलं, या लोकांना काय कळतंय, आमचा जन्म गेला पिन मारण्यात.

पोस्टमन आला. तुझं काही नव्हतं.

बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "जाऊ दे गं. खूप केलंस." इतकं मऊ बोलले की मी शेडमध्ये जाऊन रडले. रडताना ठरवलं की तुला सगळं सांगायचं. दोनदा पत्र सुरू करून फाडलं. हे तिसरं आहे आणि हे फाडणार नाही.

तुझी किडनी जुळते असं हॉस्पिटलचं पत्र आलं, त्या दिवशी बाबा हो म्हणाले होते. ऐकलंस? ते हो म्हणाले होते. पत्र हातात धरून त्यांनी मला एवढंच विचारलं, "आशूला फार दुखणार नाही ना?" आणि मग तुझा लहानपणचा तो फोटो घेऊन बसले, दात पडलेला.

नाही मी म्हणाले. तुझी वरदा तेव्हा चार वर्षांची होती. मला रोज तेच दिसायचं, तू टेबलावर, आणि काहीतरी बिघडलं, आणि ती पोर दाराशी उभी. बाबांनी खूप समजावलं, आकडे सांगितले, हजारात किती आणि काय. मी म्हटलं, माझ्याकडे हजार मुली नाहीत. ते ऐकेनात तेव्हा मी म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. तिचं घेतलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल." मग त्यांनी हॉस्पिटलचं पत्र घडी करून माझ्या हातात दिलं.

आणि तुला काय सांगायचं तेही मीच पढवलं. म्हटलं, सांगा की आमच्यात लेकीचं घेत नाहीत. दुसरं कुठलंही कारण दिलं असतं तरी तू कागद घेऊन बसली असतीस आणि ते खोडून काढलं असतंस. रीत म्हटल्यावर तुला काही बोलता येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तू ओरडलीस, "मी मुलगा असते तर घेतलं असतं ना?" ते मान खाली घालून बसले आणि मी चहाचे कप उचलायला लागले. अगं, त्यांना असल्या रीतीचं काही असतं तर कॉव्हेंट्रीला तुझ्या घरी महिना महिना राहून तुझ्या वाकड्या पोळ्या त्यांनी वाखाणून खाल्ल्या असत्या का? हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. येऊ नये म्हणून मी देवाजवळ प्रार्थना करत होते.

तीन वर्षं तू ज्यांचा राग धरलास त्यांनी तुला नाकारलेलं नाही. मी नाकारलं. त्यांच्या जिवाच्या बदल्यात मी तुला ठेवलं, आणि तूही राहिली नाहीस.

आता काही द्यायला बोलवत नाही. त्यांचं हृदय थकलं म्हणून गेल्या वर्षी किडनीच्या यादीतूनही नाव काढलं. पण त्यांच्याशी बोल. फोन कर. मी उचलला तर माझ्याशी बोलू नकोस, चालेल.

आई


बुधवार, १५ जानेवारी

आश्लेषा,

तुझं पाकीट आलं. जाड, फुगीर, आत बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये नवा कार्ब्युरेटर. आणि चिठ्ठी. आतापर्यंत वीसेक वेळा वाचली. "आई, जुना साफ नको करू. बदल. दोन नट, एक स्प्रिंग. गॅस्केट नवीन लाव. E10 नको." खाली नाव नाही. बाबा कसे आहेत हा प्रश्न नाही. तरी "आई" लिहिलं आहेस.

पाकिटावरचा शिक्का दहा तारखेचा आहे. म्हणजे माझं पहिलं पत्र वाचलंस आणि दुसऱ्याच दिवशी पाठवलास. बाबांनीच तुला नाकारलं असं समजत असतानाही पाठवलास. शनिवारचं पत्र सोमवारी पोस्टात पडलं, ते तुला आज-उद्या मिळेल. ते वाचून काय होईल मला माहीत नाही.

वीस मिनिटांत बसवला. पहिल्या ओढीला सुरू झाला. चोक सोडला तरी एकसारखा आवाज. बर्फ असा बाजूला उडत होता की इश्बेल खालच्या वळणावरून चालत बघायला आली. "Would you look at that," म्हणाली आणि रोवनच्या झाडाशी उभी राहून बघत राहिली. पन्नास मिनिटांत दारापासून फाटकापर्यंत रस्ता. मी गमबुटांनिशी आत गेले, त्यांचा कोट कपाटातून काढला, मोजे काढले, म्हटलं, "उठा. आज बुधवार आहे. गाडीला फोन करते, दारात येईल."

ते म्हणाले, "शैला, बस जरा."

मी बसले नाही.

"सोमवारी दवाखान्यातला तो नवा डॉक्टर फोनवर बोलला, त्याला मी सांगून टाकलंय. आता नाही जायचं मला. आठवडा झाला सुई टोचून घेतलेली नाही. दम लागतो, पण झोप लागते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची ताकद नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, यंत्र सुरू झालं तर येतो. तनिषाला म्हणालात. मला म्हणालात."

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "सोमवारी आलो असतो."

सोमवारी, आश्लेषा. दोन दिवस. मी पिन मारली नसती, थांबले असते, अर्धवट का होईना ढकलत नेलं असतं तर. दसऱ्याला टाकी भरली नसती तर. तीन वर्षांपूर्वी तोंड बंद ठेवलं असतं तर. मी मोजत गेले तर कुठे थांबू तेच कळत नाही.

तीन वाजता मोकळ्या रस्त्यावरून पहिली गाडी वर आली. डिस्ट्रिक्ट नर्स होती. निळ्या झाकणाचा एक डबा तिने फ्रिजच्या वर ठेवला. आत इंजेक्शनं आहेत, त्रास व्हायला लागला तर द्यायची. रस्ता छान साफ केलाय म्हणाली. त्या रस्त्यासाठी मी दहा दिवस जिवाचं रान केलं.

ते शुद्धीवर आहेत. बोलतात. पण फार दिवस नाहीत. फोन कर.

आई


सोमवार, ३ फेब्रुवारी

आश्लेषा,

तू हे वाचशील की नाही माहीत नाही. तरी त्या शुक्रवारचं तुला सांगायला हवं, कारण तू फोनवर होतीस आणि मला बघत नव्हतीस.

तुझा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी हॅलो म्हटलं. तू म्हणालीस, "आई, फोन बाबांना दे." आवाज जाड झालाय तुझा. त्यांना फोन हातात धरवत नव्हता म्हणून मी स्पीकर लावून उशीवर ठेवला. म्हणजे मला सगळं ऐकू आलं असतं. तू काय बोलणार आहेस ते मला ऐकायचं नव्हतं. खरं सांगायचं तर तेवढा धीर नव्हता. मी बाहेर गेले आणि स्नोब्लोअर सुरू केला. रस्ता साफच होता, त्या दिवशी नवा बर्फ नव्हता. दारापासून फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. खडी उडत होती. शेजारून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीचं डोकं फिरलं.

पाऊण तासाने आत आले तेव्हा फोन बंद झाला होता. त्यांचा चेहरा ओला होता आणि मी इतक्या वर्षांत न पाहिलेला दिसत होता. मी त्यांचं तोंड पुसलं. तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ते तुमचं दोघांचं आहे.

मग त्यांनी विचारलं, "पत्रात तिला सगळं लिहिलंस?"

"हो."

"कशाला लिहिलंस गं?" म्हणाले. दम लागत होता, थांबून थांबून बोलत होते. "मी चाललोच होतो. तिचा राग माझ्याबरोबर गेला असता. मग ती तुझ्याकडे आली असती. आता मी गेल्यावर तुझं कोण?"

मला वाटायचं, ते माझ्या शपथेला बांधले आहेत. मनात मी त्यांना भित्रासुद्धा म्हटलं होतं कधी कधी. आणि हा माणूस तीन वर्षं तुझ्या डोळ्यांत वाईट होऊन राहिला, कशासाठी, तर पुढे मला तू असावीस म्हणून. मला एका शब्दाने कळू दिलं नाही. मी शहाणी, मनावरचं ओझं उतरवायला बसले आणि त्यांनी साठवलेलं सगळं एका पत्रात घालवलं. पण तू त्यांच्याशी बोललीस. तो चेहरा मी पाहिला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच पत्र लिहीन, हेही तुला खरं सांगते.

त्याच रविवारी सकाळी ते गेले. निळ्या डब्यातलं एकच इंजेक्शन लागलं.

ॲबर्डीनला क्रिमेटोरियममध्ये तू आलीस, वरदाला आणलंस, याचं बरं वाटलं. तू पलीकडच्या बाकावर बसलीस तेही ठीक. वरदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, तुझी हात किती cold आहे," आणि दोन्ही हातांत धरून बसली, तू हाक मारेपर्यंत. तिच्या तोंडावर बाबांचीच जिवणी आहे. तू माझ्याशी बोलली नाहीस. मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. पार्किंगमध्ये तुझी गाडी वळेपर्यंत उभी होते.

यंत्राबद्दल विचारलं की तू उत्तर देतेस, एवढं मला समजलं आहे. काल पुन्हा बर्फ पडला, अर्धा फूट. स्नोब्लोअर बाहेर काढला. पेट्रोल ताजं आहे, वाटीत पाणी नाही, पहिल्या ओढीला सुरू झाला आणि फाटकापर्यंत एकदाही न थांबता गेला. काहीही बिघडलेलं नाही. मी सगळीकडे नीट तपासून पाहिलं. तुला विचारण्यासारखं काही सापडलं नाही.

आई